दोन देशांचा कागद आणि पुठ्ठ्याचा व्यापार काळानुसार कसा ताडून पाहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन देशांच्या कागद-व्यापाराचे तक्ते शेजारी मांडून बसलेले विद्यार्थी, पत्रकार आणि व्यापारातील मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची अडचण सारखीच असते. आलेखात एखाद्या वर्षी रेषा कोसळलेली किंवा एकदम वर चढलेली दिसते आणि तिचे कारण हवे असते. त्या वर्षी कागदाच्या व्यवहारात काही घडले की कागद मोजण्याच्या पद्धतीत, याचा निकाल आधी लावावा, असे आम्ही प्रत्येकाला कळवतो. पुढील उत्तरांपैकी बरीचशी या एकाच सल्ल्याचा विस्तार आहेत.

१. व्यापाराच्या आकडेवारीत ‘कागद आणि पुठ्ठा’ म्हणजे नेमके काय धरतात?

सीमेवर माल ओळखण्यासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेचे एचएस वर्गीकरण वापरले जाते. त्यातील ४८वे प्रकरण कागद, पुठ्ठा आणि त्यांपासून बनवलेल्या वस्तूंचे आहे. ४८०१ हा वर्तमानपत्री कागद, ४८०२ हा कोटिंग नसलेला लिहिण्या-छापण्याचा कागद, ४८०४ हा क्राफ्ट, म्हणजे पिशव्या-खोक्यांसाठीचा मजबूत कागद, आणि ४८१० हा पांढऱ्या मातीसारख्या खनिजाचे कोटिंग दिलेला, ज्याला व्यवहारात आर्ट पेपर म्हणतात तो कागद व त्याच जातीचा पुठ्ठा. ४८१८ मध्ये टॉयलेट पेपर व कागदी रुमाल, ४८१९ मध्ये खोकी आणि पिशव्या, ४८२० मध्ये वह्या आणि रजिस्टरे येतात. ढोबळमानाने ४८०१ ते ४८११ हा गिरणीतून रिळांत किंवा तावांत निघालेला कागद असतो आणि त्यापुढील मथळे, म्हणजे असे चार अंकी गट, मुख्यतः त्यापासून केलेल्या वस्तूंचे असतात.

कागद कुठे संपतो आणि पुठ्ठा कुठे सुरू होतो, हा वाद येथे उद्भवत नाही, कारण प्रकरणाच्या टिपांनुसार ‘कागद’ या शब्दात कोणत्याही जाडीचा आणि वजनाचा पुठ्ठा समाविष्ट असतो. दर चौरस मीटरला १५० किंवा २२५ ग्रॅम या मर्यादा काही उपमथळ्यांत आहेत, त्या केवळ पोटविभागणीसाठी. लगदा आणि रद्दी मात्र ४७व्या प्रकरणात जातात आणि छापील पुस्तके व वर्तमानपत्रे ४९व्या प्रकरणात. एकाच गिरणीचा कागद कोऱ्या वहीच्या रूपाने सीमा ओलांडतो तेव्हा तो ४८ मध्ये दिसतो, पुस्तक होऊन ओलांडतो तेव्हा ४९ मध्ये. ज्या देशाचा छपाईचा धंदा मोठा आहे, त्याच्या बाबतीत हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

२. आकडे कुठून घ्यावेत? दोन ठिकाणचे आकडे वेगळे का दिसतात?

दोन मुख्य ठिकाणे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडमध्ये प्रत्येक देशाने कळवलेले सीमाशुल्काचे आकडे असतात, आणि कोणत्या देशाने कोणत्या देशाशी किती व्यवहार केला हे त्यात सहा अंकी संकेतांकापर्यंत पाहता येते. अन्न व कृषी संघटनेच्या फाओस्टॅटमध्ये वनउत्पादनांची आकडेवारी आहे. तिथे व्यापाराबरोबर उत्पादनही मिळते, वजन टनांत असते आणि वर्गवारी उद्योगाच्या सोयीची असते : वर्तमानपत्री कागद, छपाई व लेखनाचा कागद, घरगुती व आरोग्यविषयक कागद, वेष्टनाचा कागद.

फाओस्टॅटचा ‘कागद व पुठ्ठा’ हा गट मुख्यतः गिरणीतून निघालेल्या कागदाचा आहे. खोकी आणि वह्या त्यात सरमिसळ होत नाहीत. कॉमट्रेडमधील ४८व्या प्रकरणाच्या बेरजेत मात्र त्या असतात. त्यामुळे एकाच देशाचे, एकाच वर्षाचे दोन आकडे निराळे दिसले तर त्यांपैकी एक चुकीचा आहे असे समजू नये. एका देशाचे आकडे एका ठिकाणाहून आणि दुसऱ्याचे दुसऱ्या ठिकाणाहून घेणे मात्र टाळावे. आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या तक्त्यांत सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे.

३. किती वर्षे मागे जाता येते?

फाओस्टॅटमध्ये १९६१पासून आणि कॉमट्रेडमध्ये १९६२पासून आकडे मिळतात. एचएस वर्गीकरण १ जानेवारी १९८८ रोजी अमलात आले, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी एसआयटीसी या जुन्या वर्गीकरणाचा आधार घ्यावा लागतो. त्यात कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू ६४व्या विभागात आहेत. ६४१ हा कागद व पुठ्ठा, ६४२ हा कापलेला कागद आणि वस्तू. पन्नास-साठ वर्षांची तुलना करायची असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एसआयटीसीच वापरावे आणि तपशिलाचा मोह सोडावा. ‘कोटिंग असलेला पुठ्ठा, १९६५ ते २०२०’ असा आलेख काढता येतो, पण त्याच्या दोन टोकांना एकच वस्तू आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

४. तुलना किमतीत करावी की वजनात?

दोन्हींत करावी, आणि दोन रेषा जिथे फाकतात तिथे थांबून पाहावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका देशाने पहिल्या वर्षी १,००,००० टन कागद ८ कोटी डॉलरला निर्यात केला आणि दहा वर्षांनी ८०,००० टन कागद ९.६ कोटी डॉलरला. किमतीत पाहिले तर निर्यात २० टक्के वाढली, वजनात पाहिले तर २० टक्के घटली. टनामागे मूल्य ८०० डॉलरवरून १,२०० डॉलरवर गेले. येथे बहुतेकजण ‘कागद महाग झाला’ असे लिहून मोकळे होतात.

हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो, कारण टनामागील सरासरी मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे. समजा, निर्यातीत ६० टक्के वर्तमानपत्री कागद ६०० डॉलर टनाने आणि ४० टक्के आर्ट पेपर १,१०० डॉलर टनाने जातो. सरासरी ८०० डॉलर येते. पुढे वर्तमानपत्री कागदाचा वाटा २० टक्क्यांवर आला आणि आर्ट पेपरचा ८० टक्क्यांवर गेला, तर दोन्हींचे भाव एका डॉलरनेही न बदलता सरासरी १,००० डॉलर होते. वर्तमानपत्रांचा खप घटत गेलेल्या गेल्या दोन-अडीच दशकांत अनेक देशांच्या कागद-निर्यातीची घडण अशीच पालटली आहे. म्हणून टनामागील मूल्य प्रकरणाच्या पातळीवर काढू नये, निदान चार अंकी मथळ्यावर आणि शक्य तर सहा अंकी संकेतांकावर काढावे.

वजनाच्या रकान्यालाही खाचखळगे आहेत. कॉमट्रेडमध्ये काही ठिकाणी देशाने वजन कळवलेलेच नसते आणि ते प्रमाण मूल्यावरून अंदाजाने भरलेले असते. त्यासोबत तशी खूण असते, ती वाचावी. अंदाजाने भरलेल्या वजनावरून पुन्हा टनामागील मूल्य काढणे म्हणजे ज्या गृहीतकावरून वजन आले, तेच गृहीतक उत्तर म्हणून परत मिळवणे होय.

५. डॉलरमध्ये मांडले की काम झाले, असे समजावे का?

नाही. डॉलरच्या चालू किमतींत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : डॉलरची महागाई आणि त्या देशाच्या चलनाचा डॉलरशी असलेला दर. युरो वापरणाऱ्या देशाची निर्यात युरोत स्थिर असली तरी युरो घसरलेल्या वर्षी डॉलरमध्ये ती घटलेली दिसेल. मूल्याची रेषा स्थिर किमतींत आणावी आणि त्यासाठी सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकापेक्षा कागद-उद्योगाचा उत्पादक किंवा निर्यात किंमत निर्देशांक मिळाल्यास तो घ्यावा. तसा निर्देशांक दोन्ही देशांसाठी मिळत नसेल, तर वजनाच्या रेषेवर अधिक भर देणे हाच सरळ मार्ग आहे.

६. एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची त्याच्याकडून झालेली आयात जुळत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नसते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार निर्यात एफओबी मूल्याने, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने नोंदवली जाते आणि आयात सीआयएफ मूल्याने, म्हणजे वाहतूक व विमा धरून. कागद हा वजनाच्या आणि आकारमानाच्या मानाने स्वस्त माल आहे, त्यामुळे त्याच्या किमतीत भाड्याचा वाटा लक्षात येण्याइतका असतो. टिश्यू कागदाच्या मोठ्या रिळांनी कंटेनर भरतो तो वजनाने नव्हे, जागेने. तेव्हा टनामागे भाडे आणखी चढते. सरसकट १० टक्के वजा करून आयात-निर्यात जुळवण्याची जुनी पद्धत म्हणूनच कागदाला बेताचीच लागू पडते. २०२१मध्ये कंटेनरचे भाडे भडकले, तेव्हा कागदाचा मूळ भाव आहे तसा राहिला असता तरी सीआयएफ आयात मूल्य वर गेले असते.

दुसरे कारण वेळेचे. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोहोचले, तर निर्यात एका वर्षात आणि आयात पुढच्या वर्षात पडते. तिसरे कारण ‘कुठला माल’ आणि ‘कुठे जाणारा माल’ यांचे. आयात करणारा देश मूळ उत्पादक देश नोंदवतो, तर निर्यात करणारा आपल्याला माहीत असलेले शेवटचे ठिकाण (याचा विस्तार प्रश्न ७ मध्ये आहे).

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. अमेरिका आणि कॅनडा १९९०पासून एकमेकांशी आकड्यांची देवाणघेवाण करतात : प्रत्येक देश दुसऱ्याला होणाऱ्या आपल्या निर्यातीसाठी त्या दुसऱ्या देशाच्या आयातीच्या नोंदी वापरतो. साहजिकच ही जोडी जवळजवळ जुळते. हे जुळणे दोन स्वतंत्र मोजण्या एकमत झाल्याचे नसून मोजणी एकच असल्याचे आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

व्यवहारात काय करावे? दोन देशांची आपसांत तुलना करताना एकाच दिशेने मोजावे, म्हणजे दोन्हींच्या आयातीच्या नोंदी घ्याव्यात किंवा दोन्हींच्या निर्यातीच्या. आयातीवर शुल्क आकारायचे असल्याने सीमाशुल्क खाते आयातीच्या कागदपत्रांकडे अधिक बारकाईने पाहते, म्हणून आमचा कल आयातीच्या नोंदींकडे असतो. जुळवलेले आकडे आयतेच हवे असल्यास सेपी या फ्रेंच संशोधन संस्थेचा १९९५पासूनचा संच उपयोगी पडतो, मात्र त्यात जुळवणीची गृहीतके त्यांची असतात.

७. नेदरलँड्स आणि हाँगकाँग यांचे आकडे त्यांच्या गिरण्यांच्या मानाने इतके मोठे कसे?

मोठ्या बंदरांतून दुसऱ्याचा माल जातो म्हणून. रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनीत जाणारा कागद काही वेळा नेदरलँड्सची आयात आणि मग नेदरलँड्सची निर्यात म्हणून नोंदला जातो. हाँगकाँगचे आकडे चीनपासून वेगळे प्रसिद्ध होतात आणि त्यांत पुनर्निर्यातीचा वाटा प्रचंड असतो. अशा देशाची तुलना फिनलंडसारख्या, स्वतःच्या गिरण्यांचा कागद विकणाऱ्या देशाशी करताना पुनर्निर्यात वेगळी मिळत असेल तर ती वजा करावी. मिळत नसेल तर निर्यात उत्पादनाशेजारी ठेवून पाहावी. निर्यात उत्पादनापेक्षा मोठी निघाली, तर जे मोजले जात आहे ते मुख्यतः बंदराचे काम आहे.

युरोपीय संघातील देशांबाबत आणखी एक गोष्ट आहे. १९९३पासून सदस्य देशांमधील सीमाशुल्क तपासणी संपली आणि आपसांतील व्यापाराची नोंद कंपन्यांनी भरलेल्या विवरणांवरून होऊ लागली, त्यातही ठरावीक उलाढालीखालील कंपन्यांना सूट मिळाली. फिनलंड, स्वीडन आणि ऑस्ट्रिया १९९५मध्ये संघात आले, म्हणजे फिनलंड-जर्मनी कागद-व्यापाराच्या रेषेत १९९५ हे मोजणीच्या पद्धतीचे सांधेवर्ष आहे. ब्रिटनसाठी २०२१ हे तसेच वर्ष आहे, उलट दिशेने.

८. एका वर्षी एखादी वस्तू जवळजवळ नाहीशी झाली आणि दुसरी अचानक फुगली. असे का?

त्या वर्षाचा शेवटचा अंक २ किंवा ७ असेल, तर आधी वर्गीकरणाकडे पाहावे. एचएसच्या सुधारित आवृत्त्या १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये अमलात आल्या आणि ४८व्या प्रकरणाला त्यांतील बऱ्याच आवृत्त्यांनी हात लावला आहे.

सर्वांत ठळक उदाहरण २०१२चे. तोपर्यंत कागदाच्या लगद्यापासून केलेले बाळांचे लंगोट (डायपर) आणि सॅनिटरी पॅड ४८१८ मध्ये होते. २०१२च्या आवृत्तीने कोणत्याही साहित्यापासून केलेल्या अशा सर्व वस्तूंसाठी ९६१९ हा नवा मथळा काढला आणि त्या ४८व्या प्रकरणातून बाहेर पडल्या. लंगोटांचे मोठे कारखाने असलेल्या देशाची ४८१८ ची निर्यात त्या वर्षी कड्यावरून पडल्यासारखी दिसते. या पानाच्या संपादकांपैकी एकाने काही वर्षांपूर्वी अशाच एका घसरणीवर ‘स्पर्धाक्षमता ओसरली’ असा सविस्तर परिच्छेद लिहिला होता. छापण्याआधी एका वाचकाने ९६१९ चा रकाना उघडून दाखवला आणि गेलेला सगळा माल तिथे जसाच्या तसा सापडला.

२००२चे उदाहरण कमी परिचित आहे. त्याआधी ए-४ आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा झेरॉक्सचा कापलेला कागद ४८२३ मध्ये, ‘इतर’ वस्तूंच्या गर्दीत होता. २००२पासून ४८०२ मध्ये कोणत्याही आकाराचा कागद घेतला जाऊ लागला आणि तो तिकडे गेला. या काळात कार्यालयीन कागदाची निर्यात वाढवणाऱ्या देशाचे ४८०२ मधील यश खरे असू शकते, पण २००१ आणि २००२ मधील पायरी त्यात धरता येत नाही. २०१७मध्ये वर्तमानपत्री कागदाच्या व्याख्येतील रिळाच्या रुंदीची अट ३६ सेंटिमीटरवरून २८ सेंटिमीटरवर आली. हा बदल लहान आहे, पण मथळा तोच राहिल्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो.

उपाय दोन आहेत. एक तर इतकी मोठी टोपली घ्यावी की वस्तू इकडून तिकडे गेली तरी टोपलीतच राहील : उदाहरणार्थ ४८०२ आणि ४८२३ एकत्र, किंवा ४८१८ आणि ९६१९ एकत्र. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण कालावधीसाठी एकच जुनी आवृत्ती मागून घ्यावी. कॉमट्रेड नवे आकडे जुन्या आवृत्तीत उलटवून देते. पण एका नव्या संकेतांकाचे जुने धागे, म्हणजे तो ज्यांतून आला ते जुने संकेतांक, अनेक असतील, तेव्हा ही उलटवणी सगळा माल एकाच धाग्यात टाकते, म्हणून पहिला उपाय आम्हांला अधिक भरवशाचा वाटतो. दोन देशांनी नवी आवृत्ती एकाच वर्षी स्वीकारली होती का, हेही पाहावे. काही देश वर्ष-दोन वर्षे उशिरा बदलतात.

९. तक्त्यात एका वर्षी रकाना रिकामा आहे. शून्य धरावे का?

धरू नये. देशाने त्या वर्षीचे आकडेच कळवलेले नसतील किंवा ते गोपनीय असतील. एखाद्या वस्तूची गिरणी देशात एकच असेल, तर निर्यातीचा आकडा म्हणजे त्या कंपनीचा हिशेबच ठरतो, म्हणून काही देश तो सहा अंकी पातळीवर झाकतात आणि केवळ वरच्या बेरजेत धरतात. सहा अंकी आकड्यांची बेरीज प्रकरणाच्या बेरजेपेक्षा कमी भरली, तर हे कारण तपासावे. भोक बुजवायचे असेल तर समोरच्या देशांच्या नोंदी वापराव्यात, प्रश्न ६ मधील सावधगिरी पाळून.

१०. वाढीचा दर काढताना सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष कोणते घ्यावे?

टोकाचे एकच वर्ष घेऊ नये, तीन वर्षांची सरासरी घ्यावी. २००९ हे जागतिक मंदीचे वर्ष आरंभाला ठेवले तर जवळजवळ प्रत्येक देश प्रगती करताना दिसतो आणि शेवटाला ठेवले तर प्रत्येक देश बुडताना. २०२० चाही तोच प्रकार, त्यात छपाईचा कागद आणि खोक्यांचा पुठ्ठा यांची वाट निराळी : कार्यालये व शाळा बंद पडल्याने पहिल्याची मागणी आटली, घरपोच खरेदीने दुसऱ्याला आधार मिळाला. संपामुळे बिघडलेली वर्षेही ओळखून ठेवावीत. फिनलंडमधील एका मोठ्या कागद कंपनीच्या गिरण्या २०२२च्या पहिल्या चार महिन्यांत संपामुळे बंद होत्या. त्या वर्षाच्या आकड्यावरून दीर्घकालीन कल काढणे धोक्याचे आहे.

११. एक देश मोठा आणि एक लहान असेल, तर कोणते प्रमाण वापरावे?

प्रश्नावर अवलंबून आहे. देश निव्वळ विकणारा आहे की घेणारा, हे पाहायचे असेल तर निर्यात वजा आयात या फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागावे. उत्तर उणे १ ते अधिक १ यांमध्ये येते आणि देशाच्या आकाराचा प्रश्न मिटतो. देशाच्या एकूण निर्यातीत कागदाचे स्थान जगाच्या मानाने किती, हे पाहायचे असेल तर बेला बलासा यांनी १९६५मध्ये मांडलेला निर्देशांक वापरतात : देशाच्या निर्यातीतील कागदाचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीतील कागदाचा वाटा. उत्तर १ पेक्षा मोठे आले तर देश कागदात विशेष पारंगत मानला जातो. मात्र तेल विकणाऱ्या देशात तेलाचा भाव वाढला की कागदाचा वाटा आपोआप आक्रसतो आणि गिरणीत एक रीळही कमी न होता निर्देशांक घसरतो.

दोन्ही देश एकमेकांना कागद विकतात तेव्हा ग्रुबेल-लॉइड निर्देशांक येतो : १ वजा, निर्यात-आयातीतील फरकाला बेरजेने भागून आलेला आकडा. निर्यात ९० आणि आयात ६० असेल तर फरक ३०, बेरीज १५०, आणि उत्तर ०.८, म्हणजे देवाणघेवाण बरीच समसमान. पण ही ९० ची निर्यात सगळी क्राफ्ट लायनरची (खोक्याच्या बाहेरच्या थराच्या कागदाची) आणि ६० ची आयात सगळी आर्ट पेपरची असेल, तर वस्तूनिहाय उत्तर दोन्हीकडे शून्य येते. हा निर्देशांक कोणत्या पातळीवर काढला हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी असतो.

१२. रद्दी कागदाचा व्यापार धरावा की सोडावा?

४८व्या प्रकरणात तो नाहीच. ४७०७ हा त्याचा मथळा आहे. पण चीन तुलनेत असेल तर तो सोडून चालत नाही. पुनर्वापराच्या पुठ्ठ्यासाठी चीन दीर्घकाळ जगभरातून रद्दी घेत असे. जुलै २०१७मध्ये त्याने काही प्रकारचा कचरा बंद करण्याचा इरादा जागतिक व्यापार संघटनेला कळवला, २०१८च्या आरंभी न निवडलेली मिश्र रद्दी बंद केली, त्याच वर्षीच्या मार्चपासून उरलेल्या रद्दीत भेसळीची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली आणि १ जानेवारी २०२१पासून घनकचऱ्याची आयातच थांबवली.

केवळ ४७०७ पाहणाऱ्याला चीनची आयात संपलेली दिसेल. तंतूंची गरज मात्र संपलेली नव्हती. ती रद्दीपासून परदेशात तयार केलेल्या लगद्याच्या, म्हणजे ४७०६ च्या रूपाने आणि खोक्यांसाठी लागणाऱ्या तयार कागदाच्या, म्हणजे ४८०४ व ४८०५ च्या रूपाने येऊ लागली. आग्नेय आशियातील देशांत रद्दी उतरू लागली आणि तिथून कागद व लगदा चीनकडे निघाला. या काळात ४८व्या प्रकरणात चीनची आयात वाढलेली दिसते, तिचा एक भाग म्हणजे मथळा बदलून आलेली जुनी गरज आहे. अशा वेळी ४७ आणि ४८ ही दोन्ही प्रकरणे वजनात, एकाखाली एक ठेवूनच वाचावीत. लगदा मात्र १० टक्के ओलावा धरून मोजण्याचा प्रघात आहे, म्हणून लगद्याचे टन आणि कागदाचे टन यांची थेट बेरीज करू नये.

१३. टीव्ही, बूट, फळे ज्या खोक्यांत जातात ती खोकी कोणत्या आकड्यात येतात?

कागदाच्या कोणत्याच आकड्यात येत नाहीत. एचएसच्या अर्थनिर्णयाच्या पाचव्या नियमानुसार मालासोबत आलेले नेहमीचे वेष्टन त्या मालातच धरले जाते. टीव्हीचे खोके टीव्हीच्या संकेतांकात जाते. ४८१९ मध्ये दिसतात ती फक्त रिकामी, स्वतंत्रपणे विकलेली खोकी, आणि रिकामे खोके म्हणजे बरीचशी हवा असल्याने ते लांब पाठवणे सहसा परवडत नाही.

याचा परिणाम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. जो देश कारखानी माल जगभर पाठवतो, तो त्यासोबत प्रचंड प्रमाणात कोरुगेटेड पुठ्ठाही पाठवतो आणि कागदाच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो. दुसरीकडे तो माल घेणाऱ्या देशाच्या हाती आयातीत कुठेही न नोंदलेला पुठ्ठा पडतो आणि तोच पुढे रद्दी होऊन ४७०७ मध्ये निर्यात म्हणून ‘प्रकट’ होतो. अमेरिका आणि चीन यांच्यात ही फेरी वर्षानुवर्षे चालली : माल भरलेली खोकी एका दिशेने, दाबून बांधलेल्या रिकाम्या खोक्यांचे गठ्ठे दुसऱ्या दिशेने, आणि परतीच्या कंटेनरना एरवी भार कमी असल्याने भाडेही स्वस्त. या जोडीची कागद-तुलना फक्त ४८व्या प्रकरणावर केली, तर फेरीचा अर्धा भाग गाळला जातो.

१४. देशाची सीमाच मध्ये बदलली असेल तर?

नव्या-जुन्या घटकांची बेरीज करून कायम राहील असा प्रदेश तयार करावा. सोव्हिएत संघ १९९१पर्यंत आणि चेकोस्लोव्हाकिया १९९२पर्यंत एक घटक होते. बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांचे आकडे १९९८पर्यंत एकत्र होते. बेरीज करताना एक खोच आहे. फुटलेल्या देशाचे तुकडे एकमेकांना कागद विकू लागले की तो व्यवहार नव्याने परराष्ट्र व्यापार ठरतो, म्हणून तो वजा करावा. सोव्हिएत संघाशी झालेल्या जुन्या व्यापाराची मूल्येही जपून वापरावीत : फिनलंडचा त्याच्याशी होणारा व्यापार १९९०च्या अखेरपर्यंत द्विपक्षीय हिशेबखात्यांतून चाले, तेथील किमती खुल्या बाजाराच्या किमतींशी ताडून पाहता येतीलच असे नाही.

१५. एका देशाचे वर्ष एप्रिल ते मार्च आहे आणि दुसऱ्याचे जानेवारी ते डिसेंबर. काय करावे?

मासिक आकडे घेऊन दोन्हींचे कॅलेंडर वर्ष बनवावे. कॉमट्रेडचे वार्षिक आकडे सर्वसाधारणपणे कॅलेंडर वर्षाचे असतात, पण काही देश आर्थिक वर्षच कळवतात, तेव्हा सोबतच्या टिपा वाचाव्यात.

१६. आयात शुल्क लागले आणि व्यापार घटला. शुल्कामुळेच घटला, असे म्हणता येईल का?

केवळ त्या दोन देशांच्या रेषेवरून म्हणता येत नाही. अमेरिकेने जानेवारी २०१८मध्ये कॅनडातून येणाऱ्या वर्तमानपत्री व तत्सम यांत्रिक लगद्याच्या कागदावर तात्पुरते शुल्क लावले आणि ऑगस्ट २०१८मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने देशी उद्योगाला हानी झाली नसल्याचा निर्णय दिल्यावर ते उठले. पण हा व्यापार त्याआधी कित्येक वर्षे उतरणीला होता, कारण अमेरिकी वर्तमानपत्रांचा खप घटत होता. शुल्काचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर शुल्क न लागलेल्या जवळच्या वस्तूची किंवा शुल्क न लागलेल्या तिसऱ्या पुरवठादाराची रेषा शेजारी हवी. शिवाय शुल्क जाहीर होण्याआधी माल घाईने आणला जातो आणि नंतर साठा वापरला जातो. ती उसळी आणि त्यामागची दरी मिळून एकच घटना असते. याच जोडीचा उलटा दाखलाही आहे : १९१३मध्ये अमेरिकेने वर्तमानपत्री कागदावरील शुल्क काढले आणि पुढे हा उद्योग मोठ्या प्रमाणावर कॅनडात वाढला. त्यात शुल्काबरोबर तिथले लाकूड आणि जलविद्युत यांचाही हात होता.

१७. उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, असा खप काढला तर उत्तर उणे आले. कागदाचा खप उणे कसा असेल?

खप उणे नसतो, तीन रकान्यांपैकी किमान दोन वेगवेगळ्या वस्तू मोजत असतात. उत्पादन गिरणीतील कागदाचे असते आणि निर्यातीत कापलेला कागद व खोकी आलेली असतात, हे नेहमीचे कारण. दुसरे कारण पुनर्निर्यात (प्रश्न ७), तिसरे आधीच्या वर्षीचा साठा. उत्पादन, आयात आणि निर्यात तिन्ही फाओस्टॅटमधून, एकाच वर्गवारीत घेतल्यास ही अडचण बहुतेक वेळा सुटते.

१८. दोहोंपैकी एका देशाने आकडे प्रसिद्ध करणेच थांबवले तर मालिका पुढे कशी न्यावी?

रशियाने २०२२मध्ये सविस्तर सीमाशुल्क आकडेवारी प्रसिद्ध करणे थांबवले, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. इतर देशांनी रशियाकडून केलेल्या आयातीची बेरीज करता येते, पण ती जुन्या रशियन निर्यात-मालिकेला सरळ जोडू नये. आधी ज्या वर्षांसाठी दोन्ही आकडे उपलब्ध आहेत, त्या पाच-सहा वर्षांत बेरजेचे निर्यातीशी प्रमाण काय होते ते मथळ्यानिहाय काढावे. ते स्थिर असेल तर त्याच प्रमाणाने पुढील वर्षे खाली आणावीत, अस्थिर असेल तर मालिका तिथेच तोडून नवी रेषा वेगळ्या खुणेने काढावी. जे भागीदार देश स्वतःच आकडे उशिरा कळवतात, त्यांच्याकडे वळलेला कागद या बेरजेतून निसटतो. युरोपीय संघाने २०२२मध्ये रशियन कागदावर निर्बंध घातल्यानंतर माल नेमका इतरत्र वळला, त्यामुळे या मालिकेतील अलीकडची दोन वर्षे दर नव्या प्रसिद्धीबरोबर पुन्हा उतरवून घ्यावी लागतात.